आलमारीचे सहा वाटे

शेजारच्या घरात कपाट असते, आमच्या घरात आलमारी असते. वस्तू एकच, नावे दोन. 'कपाट' हा संस्कृत शब्द आणि त्याचा मूळ अर्थ दार. 'आलमारी' पोर्तुगीजांच्या 'आर्मारियो'वरून आपल्याकडे आली. तिला लावायचे 'कुलूप' अरबी 'कुफ्ल'वरून आले आणि ते उघडणारी 'चावी' पुन्हा पोर्तुगीजच. 'संदूक' अरबी, भिंतीतला 'ताक'ही तिकडचाच. म्हणजे आपल्या बायाबापड्यांनी कुलूप लावून जे जपले, त्याच्या नुसत्या नावांतच दर्यापलीकडचे दोन मुलूख येऊन राहिलेले आहेत. कोकणातल्या खाडीकाठच्या आम्हा मुसलमानांना याचे नवल वाटू नये. आमच्या घरात बहुतेक गोष्टी पाण्यावरूनच आल्या.

आमच्या लहानपणापर्यंत जुन्या घरात आलमारी ही नवलाईची चीज होती. जांभ्या दगडाच्या जाड भिंतीत कोनाडे ठेवलेले असत, एखाद्या कोनाड्याला लाकडी दार बसवले की त्याचे फडताळ होई. कपडे पेटाऱ्यात किंवा संदुकीत. जहाजावर नोकरीला गेलेल्या खलाशाची पत्र्याची पेटी तो परतला की घरची होऊन जाई. स्वयंपाकघरात दुधा-सायीसाठी जाळीचे कपाट असे आणि मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत. उंच, दोन दारांची, आरशाची आलमारी म्हणजे खानदानी घराची खूण. ती एक तर मुंबईच्या लिलावातून यायची, नाहीतर एखाद्या मुलीच्या जहेजातून.

आमची आलमारी जहेजातून आली. ती दादीची होती.

दादीचे लग्न १९३६ साली झाले. तिचे अब्बा रंगूनला बंदरात नोकरीला होते. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानातच मोडत होता. तो वेगळा झाला १ एप्रिल १९३७ रोजी. तिकडचा साग तर मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या चांगल्याच ओळखीचा. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ पासून त्याच लाकडावर उभी होती आणि १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाशी जी लढाई केली, तिला निमित्त या कंपनीच्या सागाच्या दंडाचेच झाले. लेकीच्या लग्नासाठी दादीच्या अब्बांनी रंगूनहून फळ्या पाठवल्या. त्या जहाजाने मुंबईला आणि आगबोटीने दाभोळला उतरल्या. तिथून होडीने खाडीतून वर आमच्या गावी. शेजारच्या वाडीतला सुतार चाळीस दिवस पडवीत बसून होता, असे दादी सांगायची. त्याला दोन वेळचे जेवण आणि तिसऱ्या प्रहरी चहा द्यायचे काम तिच्याकडे होते. म्हणजे स्वतःच्या आलमारीची पहिली फळी उभी राहिल्यापासून तिने ती पाहिली होती.

सागाला कोकणात तोड नाही, ते का, हे एक पावसाळा काढला की कळते. त्या लाकडात तेलाचा अंश असतो. वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. हवेत ओल वाढली-उतरली तरी ते फार फुगत नाही की आकसत नाही, म्हणून दारे अडकत नाहीत. त्यात रेतीसारखा सिलिकाही असतो आणि त्यामुळे सुताराच्या रंध्याची धार लवकर जाते. दादीच्या सुताराने चाळीस दिवस घेतले, त्यात निम्मे दिवस हत्यारांना धार लावण्यात गेले असतील. त्याने आलमारी तीन भागांत केली. खाली दोन खणांचा ओटा, मधे दारे आणि फळ्या, वर नक्षीची कमान. हे तीन भाग एकावर एक बसवून आतून लाकडी खुंट्या मारल्या होत्या. या खुंट्या वाचकांनी ध्यानात ठेवाव्या, त्यांचे काम पुढे आहे.

१९४२ च्या मार्चमध्ये रंगून जपानी फौजेच्या हाती गेले. त्याआधी आणि नंतर लाखो हिंदी माणसे मिळेल त्या वाटेने परत निघाली. पुष्कळशी पायीच, जंगलातून, मणिपूर-आसामच्या दिशेने. दादीचे अब्बा परतले नाहीत. चिठ्ठी नाही, निरोप नाही, कबर नाही. राहिली ती आलमारी. दादी रोज फजरच्या नमाजनंतर तिच्यावरून फडके फिरवायची. आम्हाला ती साफसफाई वाटायची.

आलमारीच्या सगळ्यात वरच्या फळीवर जुजदानात गुंडाळलेला कुराण शरीफ आणि रेहल. त्याखाली दादीच्या साड्या, दोन शालू, कपड्यांच्या घड्यांत वाळ्याच्या काड्या. त्याखाली घरातल्या लेकरांचे ईदचे कपडे. ओट्याच्या डाव्या खणात दादाचे कागद, उजव्या खणात सुया, बटणे, अत्तराच्या रिकाम्या कुप्या. उजवा खण पूर्ण बाहेर काढला की मागे हात जाईल एवढा चोरकप्पा. दादी कमरेला चावी खोचून असायची. घर दादाचे होते, वाडी दादाची होती, नारळ कुणाला विकायचे हे दादा ठरवायचे. आलमारी उघडायची तर मात्र दादालाही तिच्याकडे चावी मागावी लागे. लग्नात बापाने दिलेली वस्तू बायकोच्या मालकीची, हे शरियतमध्ये आहेच. पण आमच्या गावात ते शरियत ठाऊक असलेल्यांना आणि नसलेल्यांना, सगळ्यांना त्या चावीवरून कळायचे.

डाव्या दाराच्या आतल्या बाजूला दादाने शिसपेन्सिलीने उर्दूत चार नावे लिहिली होती. मोठी फुफी, अब्बा, चाचा, धाकटी फुफी. प्रत्येकाच्या पुढे जन्माची हिजरी तारीख, वार आणि वेळ. मुलांची आणि मुलींची, सारख्याच अक्षरात.

सत्तरीनंतर गावातली माणसे आखातात गेली आणि घरात लोखंडी कपाटे आली. गोदरेजने पहिले पोलादी कपाट १९२३ साली बनवले होते. आमच्या गावात ते यायला पन्नास वर्षे लागली, पण आले ते धडाक्याने. मग मुलीच्या लग्नाच्या यादीत लोखंडी कपाट हे आधी आणि बाकी सगळे नंतर. सागाच्या आलमाऱ्या मागच्या खोलीत गेल्या. कुणी त्यात तांदळाची पोती ठेवली, कुणी कोंबड्यांचे खाद्य. कुणी आरसा काढून नव्या बेसिनवर लावला. आमची आलमारी बसली होती तिथेच राहिली, कारण दादी हयात होती.

दादा १९७४ साली गेले, दादी १९८१ साली. पुढच्या वर्षी दोन्ही फुफींना माहेरी बोलावले, तालुक्याला नेले आणि घर व वाडी यांवरची त्यांची हक्कसोड करून घेतली. आमच्याकडे ही रीतच आहे. रागाने नव्हे, भांडून नव्हे, जेवू-खाऊ घालून, साडी नेसवून हक्कसोड होते. जी बहीण सही करत नाही तिचे माहेर तुटते, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. कुणाला ते बोलून दाखवावे लागत नाही. मोठ्या फुफीने अंगठा दिला आणि म्हणाली, "घर तुमचं. अम्मीची आलमारी तेवढी मला द्या." त्यावर थोरामोठ्यांनी उत्तर दिले की आलमारी एवढी मोठी, ती दारातून निघणार नाही. पुढे बेचाळीस... नव्हे, एकोणचाळीस वर्षे हे उत्तर टिकले.

मधल्या काळात जुन्या लाकडाचे दिवस पालटले. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर आणि तिकडे जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जुन्या आलमाऱ्या दिव्याखाली मांडलेल्या दिसू लागल्या. ज्यांच्या घरात जागा आहे ते एकच जुनी आलमारी दिवाणखान्यात ठेवतात, आत पुस्तके किंवा काचसामान आणि दारे उघडी. हॉटेलवाले घेतात, रिसॉर्टवाले घेतात. कोकणच्या गावांतून टेम्पो फिरू लागले. मागच्या खोलीतले धूड कुणीतरी पैसे देऊन नेतो आहे, याचाच लोकांना आनंद. बदल्यात पार्टिकल बोर्डाचा चकचकीत वॉर्डरोब येई.

आमच्याकडे आलेला माणूस सभ्य होता. त्याने आलमारीच्या मागे हात फिरवून पाहिले, कारण मागच्या बाजूला प्लायवूड असेल तर ती फार जुनी नव्हे. खणाच्या बाजूच्या फळ्या समोरच्या फळीत कशा अडकवल्या आहेत ते पाहिले. हाताने कापलेल्या खाचा एकसारख्या नसतात. आतून वास घेतला. आरशातले काळे डाग पाहून तर तो खूशच झाला, कारण काचेमागचा चांदीचा मुलामा ओलीने असा खराब व्हायला वर्षे लागतात आणि असा आरसा नव्याने करता येत नाही. "अँटिक आहे," म्हणाला आणि अठरा हजार बोलला. कायद्याने पाहिले तर तसे नाही. पुरावस्तू आणि कलावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा साधारणपणे शंभर वर्षांची अट घालतो. आमच्या आलमारीची अजून शंभरी भरायची आहे. पण बाजाराचे वय वेगळे असते.

तो आला २०२१ च्या जानेवारीत. त्याआधी दोन गोष्टी घडून गेल्या होत्या आणि त्या सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

पहिली गोष्ट २०१९ च्या डिसेंबरातली. नागरिकत्वाचा सुधारित कायदा झाला आणि आमच्या घराघरांत जुन्या पेट्या, जुनी कपाटे उघडली गेली. जन्माचे दाखले, शाळेचे दाखले, सातबारे, आजोबा-पणजोबांची नावे. आम्हीही दादीचा चोरकप्पा रिकामा केला. त्यात एका जुन्या रुमालात हक्कसोडपत्राची नक्कल निघाली. घराच्या चतुःसीमा होत्या, विहीर होती, नारळ-सुपारीच्या झाडांची संख्या होती, खाली दोन्ही फुफींचे निळे अंगठे होते. आलमारीचा उल्लेख कुठेही नव्हता.

दुसरी गोष्ट ३ जून २०२० ची. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपले. वाडीतली जुनी झाडे आडवी झाली. घराची कौले उडाली आणि आलमारी चार दिवस उघड्यावर भिजली. टाळेबंदीमुळे मुंबईहून कुणाला येता येईना. अखेर आम्ही पोहोचलो, तेव्हा नव्या वॉर्डरोबची दारे फुगून लाद्यांसारखी पडली होती. आलमारीवरचे पॉलिश पांढरे पडले होते, बाकी ती होती तशी होती. दारे उघडली. पेन्सिलीची अक्षरेही होती.

घर आता बांधायचे की पाडायचे, हे ठरवायची वेळ आली आणि त्याबरोबर अठरा हजारांचा प्रश्नही आला. ते कुणी घ्यायचे? हक्कसोडीत आलमारी नाही. म्हणजे ती दादीचीच, आणि दादीच्या पश्चात तिच्या चारही लेकरांची. १९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमातून शेतजमीन वगळलेली आहे आणि गावातले लोक वाडीचा विषय निघाला की तेवढे कलम बरोबर लक्षात ठेवतात. पण दादीची आलमारी काही शेतजमीन नव्हती. सूरह निसाप्रमाणे मुलाला दोन वाटे, मुलीला एक. दोन मुलगे, दोन मुली, मिळून सहा वाटे. एक वाटा तीन हजारांचा. अब्बांचे सहा हजार पुन्हा आम्हा चौघा भावंडांत सहा वाट्यांनी, भावांना दोन-दोन हजार, बहिणींना एक-एक हजार. हिशेब सोपा होता. इतका सोपा की तो इतकी वर्षे कुणी मांडला नव्हता याचेच आश्चर्य.

चाचा आणि धाकटी फुफी हयात नव्हती. मोठी फुफी मुंब्र्याला लेकाकडे, वयाची ऐंशी ओलांडलेली, कानाने अधू, बाकी शाबूत. आम्ही चौघे तिच्याकडे गेलो. कागद दाखवला, सहा वाटे समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

"आलमारीचे सहा वाटे झाले. घराचे किती झाले?"

आम्ही गप्प बसलो. ती चिडून बोलली नव्हती. गणित विचारावे तसे तिने विचारले होते.

"तुमच्या अब्बांवर माझा राग नाही," ती पुढे म्हणाली. "त्यांनी मला ईदला कधी विसरलं नाही. पण ईदी वेगळी आणि हक्क वेगळा. ईदी देणाऱ्याच्या मर्जीची असते."

नोंदवलेले हक्कसोडपत्र एकोणचाळीस वर्षांनी असे मोडता येत नाही, ते वकिलाने सांगितले. चाचांची मुले कुवेतला असतात. फोनवर ती म्हणाली की जुने उकरू नका, आलमारी फुफींना द्यायची तर खुशाल द्या, आमचे पैसे नकोत. घराच्या विषयावर ती अजूनही बोलत नाहीत. हे इथे असे लिहायला आम्हाला बरे वाटत नाही, पण सगळे गोड झाले असे लिहिणे त्याहून वाईट.

आमच्या हातात होते ते आम्ही केले. अब्बा २०११ साली गेले, अम्मी त्यांच्याही आधी. अब्बांच्या वाट्याची वारसनोंद राहिलेली होती. आमच्या दोघी बहिणींची हक्कसोड करून घ्या म्हणजे काम सुटसुटीत होईल, असा सल्ला गावात मिळाला. ती करायची नाही असे चौघांनी ठरवले. आज उताऱ्यावर चौघांची नावे आहेत. गावातल्या दोन घरांत त्यावरून कुजबूज झाली. तिसऱ्या घरातल्या एका मुलीने आमच्या आपाला फोन करून विचारले की अर्ज कुठे द्यायचा. आपाने तिला सगळे सांगितले, लागणाऱ्या कागदांच्या यादीसह.

आणि आलमारी? सुताराला बोलावले. त्याने वरची कमान हलवली, आत हात घालून खुंट्या ठोकल्या आणि दुपारच्या जेवणाआधी तीन भाग वेगळे करून अंगणात ठेवले. जी दारातून निघणार नव्हती ती तीन माणसांनी दारातून काढली. म्हातारा सुतार म्हणाला, "ही मुळात नेण्यासाठीच केलेली. लेकीच्या सामानाला अशाच खुंट्या ठेवतात." धाकट्या फुफीच्या मुलांना त्यांचे तीन हजार पोचते केले. टेम्पो मुंब्र्याला गेला.

वाचकांपैकी ज्यांच्या मागच्या खोलीत अशी आलमारी असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी अनुभवातून. फ्लॅटमध्ये नेण्याआधी दरवाजा, जिन्याचे वळण आणि लिफ्ट मोजा. आधी खुंट्या शोधा, करवत नंतर. भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटे अंतर सोडा, पाठीमागे हवा खेळली पाहिजे. लादी सपाट नसेल तर पायाखाली पाचर द्या, नाहीतर दारे लटकतात आणि लोक बिजागऱ्यांना दोष देतात. जुने पॉलिश लाखेचे असते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने हात फिरवत करायचे, आणि तेच पुन्हा करता येते. पांढरे पडलेले त्याने निघते. चकाकी हवी म्हणून त्यावर जाड वॉर्निश मारू नका. आरशावर डाग असले तरी आरसा बदलू नका, तोंड पाहायला दुसरा घ्या. आणि आत काय लिहिले आहे ते पाहिल्याशिवाय पॉलिश कागद लावू नका.

मुंब्र्याच्या घरात बाहेरच्या खोलीत एकच लांब भिंत आहे. तिथे टीव्ही होता, तो आता कोपऱ्यात गेला. वरच्या फळीवर पूर्वीसारखाच जुजदान. मधल्या दोन फळ्यांवर फुफीच्या नातीची फार्मसीची पुस्तके. आलेला पाहुणा विचारतो, केवढ्याला घेतली? फुफी म्हणते, घेतली नाही, मिळाली. ऐकणाऱ्याला दोन्हींतला फरक कळतोच असे नाही.

पॉलिशवाल्याने दाराची आतली बाजूही घासून देतो म्हटले होते. फुफीने त्याला नको सांगितले. तिच्या आधी तिथे कुणाचे नाव नाही, पहिले तिचेच आहे.